पोटदुखी, सिकलसेलचं कार्ड आणि केसांचा गोळा : अकरा वर्षांच्या एका मुलीचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापूस पिकवणाऱ्या गावातून ही मुलगी आमच्या शस्त्रक्रिया विभागात आली, ती जानेवारीतल्या एका रात्री. वय ११, इयत्ता सहावी, वजन २२ किलो. चार दिवस संडास नाही, दोन दिवस वाराही सरलेला नाही आणि ओकारी आता हिरवी पडत होती. ग्रामीण रुग्णालयातून १०८ च्या गाडीत बसवताना दिलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : पोटदुखी, सिकलसेल, जंताचा गोळा? (ओळख पटू नये म्हणून गाव, घर आणि नात्यांचे तपशील बदलले आहेत.)

सोबत बाबा आणि आजी. बाबा गप्प उभे होते, आजीच बोलत होत्या. "पोट्टी आठ म्हयन्यापासून नीट जेवूनच नाही राह्यली साहेब. दोन घास खाल्ले का म्हने पोट भरलं."

हिरवी ओकारी आणि फुगलेलं पोट यांनी आतडं अडल्याचं सांगितलं. ते कोणालाही कळलं असतं, ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही कळलं होतं आणि म्हणूनच त्यांनी वेळ न घालवता पाठवलं. पण अडकण का झाली, याचा धागा आजींच्या या एका वाक्यात होता. आतडं चार दिवसांपूर्वी अडलं, पण दोन घासांत पोट भरणं आठ महिन्यांपासूनचं. म्हणजे जठरात आधीपासून काहीतरी जागा अडवून बसलेलं होतं.

तपासलं तेव्हा नाडी १२८, रक्तदाब ९०/६०, जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले, सकाळपासून लघवी नाही. तळवे आणि पापण्यांच्या आतली बाजू पांढरीफटक, नखं चपटी. तोंडाला घाण वास, दात न घासल्याच्या वासापेक्षा वेगळा, सडलेला. पोटावर आतड्यांची वळणं उमटलेली आणि कानाला स्टेथो लावला की अडलेल्या आतड्याचा तो बारीक, किणकिणता आवाज. सलाइन, नाकातून नळी, लघवीची नळी, प्रतिजैविकं, हे सगळं आधी सुरू झालं. नाकातल्या नळीतून अपेक्षेच्या मानाने फारच कमी पाणी आलं. ताण थोडा उतरल्यावर पोटाच्या वरच्या भागात, डाव्या बरगडीखालून मध्यरेषा ओलांडून उजवीकडे गेलेला एक घट्ट गोळा हाताला लागला.

उभं राहून काढलेल्या एक्स-रेत पाण्याच्या पातळ्या पायऱ्यांसारख्या दिसत होत्या आणि जठराच्या जागी ठिपक्याठिपक्यांची सावली होती. हिमोग्लोबिन ६.८, लाल पेशी आकाराने बारीक, पोटॅशियम २.९, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) २.६ : तिन्ही आकडे फार कमी.

पानथरी की गोळा?

चिठ्ठीवरच्या 'सिकलसेल' या शब्दावर थांबायला हवं, कारण विदर्भात हा शब्द बऱ्याचदा तपासणीच थांबवतो. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, इकडे तो नवीन नाही. ज्या घरात तो आहे त्या घराला हात-पाय दुखणं, पोट दुखणं, रक्त कमी होणं, पानथरी (प्लीहा) वाढणं हे सगळं ओळखीचं असतं. सिकलसेलच्या रुग्णाला पोटदुखीचा झटका येतो, हेही खरं. मग अशा गावात एखाद्या फिकट मुलीचं पोट दुखलं आणि तिच्याकडे सिकलसेल तपासणीचं कार्ड असलं की पुढचं कोणी विचारत नाही.

हिच्या कार्डावर मात्र AS लिहिलेलं होतं. म्हणजे ती वाहक होती, रुग्ण नव्हती. दोन जनुकांपैकी एक सिकलचं, एक निरोगी. वाहकाला सहसा झटके येत नाहीत, रक्त या कारणाने कमी होत नाही, पानथरी वाढत नाही. लग्न जुळवताना या कार्डाचा उपयोग आहे, पोटदुखीचं निदान करताना जवळजवळ नाही. तिचं ६.८ हिमोग्लोबिन AS ने समजावता येत नव्हतं. बारीक पेशी आणि चपटी नखं लोहाची कमतरता दाखवत होती. कार्डावरची ही दोन अक्षरं आठ महिन्यांत जिने-ज्याने पाहिली, त्याने ती 'सिकलसेल' म्हणूनच वाचली. 'वाहक' आणि 'रुग्ण' यांतला फरक घरच्यांना समजावून सांगायला दोन मिनिटं लागतात, ती कुठेतरी राहून गेली.

मधल्या काळात एका खाजगी दवाखान्यात याच गोळ्याला वाढलेली पानथरी म्हटलं गेलं होतं. डाव्या बरगडीखालचा गोळा आणि हातात सिकलचं कार्ड, म्हणून पानथरी. पण पानथरी श्वासाबरोबर खाली सरकते, तिच्या कडेला खाच लागते, ती वाढते ती बेंबीच्या दिशेने तिरकी, आणि तिच्यात व बरगडीत बोट घालता येत नाही. हा गोळा आडवा होता, हाताने इकडेतिकडे थोडा हलत होता, दुखत नव्हता. आणि दाबला की त्यावर बोटाचा खळगा पडत होता. जठरातल्या केसांच्या गोळ्याची ही खूण जुन्या शल्यचिकित्सकांनी लिहून ठेवली आहे. ती दरवेळी मिळते असं नाही, इथे मिळाली.

आठ महिने

पोटाची तक्रार वैशाखात सुरू झाली. पहिल्यांदा प्राथमिक आरोग्य केंद्रातून जंताची गोळी आणि ॲसिडिटीचं औषध मिळालं. १० ऑगस्टला जंतनाशक दिनाची गोळी शाळेत पुन्हा मिळाली. दोन्ही वेळा काही पडलं नाही आणि दुखणं थांबलं नाही. शाळेत येणाऱ्या बालस्वास्थ्य पथकाने तिला 'रक्त कमी' म्हणून नोंदवलं, लोहाची निळी गोळी दर आठवड्याला घ्यायला सांगितलं. ती गोळी तिला मळमळायची, म्हणून ती दप्तरात टाकायची. आजींना ते दप्तर धुताना कळलं.

दिवाळीनंतर टीबीची शंका निघाली. वजन उतरतं, भूक नाही, पोटात गोळा, आपल्या भागात ही शंका चुकीची म्हणता येत नाही. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. सोनोग्राफीच्या अहवालात 'जठरात हवा, नीट दिसत नाही' एवढंच होतं. केसांचा गोळा सोनोग्राफीत असाच दिसतो. केसांमध्ये अडकलेल्या हवेमुळे पुढच्या कडेला एक चकचकीत कमान आणि तिच्यामागे स्वच्छ काळी सावली. पोट भरलेलं असेल तर तिला जेवलेलं अन्न आणि हवा समजलं जातं. उपाशीपोटी पुन्हा केली असती तर शंका आली असती.

घरचे उपायही चालूच होते. गोळा सरकला म्हणून शेजारच्या गावातल्या बाईकडून पोट चोळून घेतलं, ते तीनदा. अंगारा झाला. बाहेरचं असेल म्हणून एका अमावस्येला उतारा झाला. मेळघाटातून येणाऱ्या लेकरांच्या पोटावर डंब्याचे, म्हणजे तापवलेल्या विळ्याच्या चटक्यांचे डाग आम्ही पाहतो. हिच्या पोटावर तसलं काही नव्हतं. पण अडलेलं आतडं चोळणं धोक्याचं असतं, आणि शेवटचं चोळणं तिला आणण्याच्या आदल्या दिवशी झालं होतं.

डोक्याकडेही लक्ष गेलं होतं. उजव्या कानामागे केस विरळ झाले म्हणून 'चाई पडली' असं ठरलं आणि तिथे औषध लावलं गेलं. म्हणजे पोटाचा इलाज एकीकडे चालू होता, डोक्याचा दुसरीकडे. ही दोन दुखणी एकाच कागदावर कधी लिहिली गेली नाहीत. माझ्या मते या प्रकरणातला खरा विलंब इथे आहे. अंगाऱ्याला दोष देणं सोपं आहे, पण ज्या महिन्यात अंगारा झाला त्याच महिन्यात ती शिकलेल्या माणसांच्या हाताखालूनही गेली होती.

वेणी सोडली तेव्हा

सीटी स्कॅनला नेण्याआधी आमच्या वॉर्डातल्या ज्येष्ठ सिस्टरांनी तिच्या वेण्या सोडल्या. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी, शाळेत असतात तशा. कानामागे तळहाताएवढी जागा विरळ होती, पण पूर्ण टक्कल नव्हतं. चाईची जागा गुळगुळीत असते, तिथे केसच नसतो. गजकर्ण डोक्यात गेलं तर खपल्या धरतात, केस मुळाशी काळ्या ठिपक्यासारखे तुटतात. इथे कातडी निरोगी होती आणि केस होते, पण वेगवेगळ्या लांबीचे : काही अर्धा सेंटिमीटर, काही दोन, काही चार. हाताने उपटलेले केस पुन्हा उगवले की असे दिसतात. सिस्टरांनी तिची बोटंही पाहिली. उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि तर्जनीला केस गुंडाळून ओढल्याच्या बारीक रेषा होत्या.

मग त्यांनी बाबांना आणि आजींना चहा घेऊन या म्हणून बाहेर पाठवलं. मुलगी एकटी असताना त्या तिला म्हणाल्या, "बेटा, वेणीचं टोक तोंडात धरायची सवय बऱ्याच मुलींना असते. काही जणी गिळूनही टाकतात. तुला असं होतं का?"

ती लगेच बोलली नाही. मग मान हलवली. आणि म्हणाली, "आजीले नका सांगू."

हा प्रश्न कसा विचारावा, हे मी आता विद्यार्थ्यांना शिकवतो तो याच पद्धतीने. 'तू केस खातेस का?' असं घरच्यांसमोर विचारलं तर उत्तर 'नाही' असंच येतं. मुलं यात खोटं बोलत नसतात, लाजत असतात. बऱ्याच वेळा हात डोक्याकडे गेलेला त्यांना स्वतःलाही कळत नाही. अभ्यास करताना, झोप लागण्याआधी, टीव्हीसमोर बोटं आपली आपण केस शोधतात. म्हणून आधी ती गोष्ट सर्वसाधारण करून सांगायची, मग विचारायचं. आणि मुलीला एकटीला विचारायचं.

सीटीत चित्र स्पष्ट झालं. जठर जवळजवळ पूर्ण भरलेलं, मध्ये हवेच्या बुडबुड्यांची जाळी असलेला गोळा, जठराच्या भिंतीला कुठेच चिकटलेला नाही. गोळ्याचं शेपूट जठराच्या खालच्या तोंडातून निघून ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, ओलांडून पुढे गेलेलं. आणि खाली, लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं त्याच्या जरा आधी, एक वेगळा छोटा तुकडा. आतडं अडलं होतं ते या तुकड्याने. त्याच्या वरची सगळी वळणं फुगलेली, खालची रिकामी.

आत काय होतं

पोटॅशियम भरून काढायला आणि रक्ताची एक पिशवी द्यायला काही तास घेतले. बाबांनी विचारलं, "दुर्बिणीनं नाही निंगत का साहेब? कापाच लागते का?" प्रश्न रास्त होता. झाडपाल्याच्या तंतूंचा गोळा कधी दुर्बिणीने फोडता येतो, कोलाने विरघळल्याच्याही नोंदी आहेत. केस विरघळत नाहीत. दुर्बिणीतून चिमट्याने ओढले तर तुटतात आणि तुटलेले तुकडे खाली सरकून नवी अडकण करतात. प्रसिद्ध झालेल्या प्रकरणांत दुर्बिणीने मोठा केसांचा गोळा पूर्ण निघण्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास सांगितलं जातं. आणि हिचं आतडं आधीच अडलेलं होतं. तिच्यासाठी पोट उघडणं हाच मार्ग होता.

मध्यरेषेवर छेद घेतला. आधी जठराभोवती ओले मॉप लावून पोटाचा बाकी भाग झाकून घेतला, कारण आत महिनोन् महिने सडलेलं असतं आणि ते पोटात सांडलं तर पुढचे सगळे त्रास तिथून सुरू होतात. जठर उघडल्यावर पहिल्यांदा वास आला. मग काळा, चकचकीत, शेवाळल्यासारखा बुळबुळीत गोळा दिसला. तो जठराच्या आकाराचा झाला होता, वजन भरलं ते सुमारे ७०० ग्रॅम. तो सावकाश उचलून बाहेर काढताना मागचं शेपूट येत गेलं, साधारण ६० सेंटिमीटर. ते जोराने ओढायचं नसतं. शेपटाचं वरचं टोक जठरात बांधलेलं असतं आणि आतडं त्याला खाली ढकलत राहतं, तेव्हा परकराच्या नाडीवर कापडाच्या चुण्या पडाव्यात तसं आतडं त्या शेपटावर गोळा होतं. आणि केसांचा ताणलेला पीळ आतड्याच्या आतल्या कडेला घासून जखम करतो, भोकही पाडतो. त्यामुळे शेपूट आलं तरी आतड्याचा प्रत्येक सेंटिमीटर हातातून सरकवत तपासावा लागतो. हिला दोन ठिकाणी उथळ व्रण होते, भोक नव्हतं.

खालचा तुकडा मोठ्या आतड्यापासून सुमारे ३० सेंटिमीटर वर अडकला होता. लांबी चारेक सेंटिमीटर. हाताने पुढे सरकवून मोठ्या आतड्यात लोटता येतो का पाहिलं, सरकला नाही. छोटा छेद घेऊन काढला. आणखी तुकडे नाहीत याची खात्री करून जठर दोन थरांत शिवलं.

काळा रंग पाहून आजींनी नंतर विचारलं, पोरीचे केस तर तांबूस, मग हे इतके काळे कसे. पोटातलं आम्ल केसाच्या प्रथिनाचं रूप बदलतं. कोणत्याही रंगाचे केस जठरात राहिले की काळेच होतात.

केस पोटात का राहतात, हे थोडक्यात सांगतो. केस केराटिनचा असतो आणि ते तोडणारं पाचक द्रव्य माणसात नाही. केसाचा पृष्ठभाग गुळगुळीत, त्यामुळे जठराच्या हालचालीला त्याची पकड मिळत नाही आणि तो वळ्यांमध्ये राहून जातो. एक-दोन केस बहुधा निघून जातात. पण रोज जात राहिले की एकमेकांत गुंततात, त्यात श्लेष्मा आणि अन्नकण अडकतात आणि जठराच्या घुसळण्याने सगळ्याचा पीळ बसतो. गोळा मोठा झाला की तो जठराच्या तोंडातून बाहेर पडूच शकत नाही.

केसांच्या गोळ्याची वैद्यकातली पहिली नोंद १७७९ ची, बोदामाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरची. तो रुग्ण १६ वर्षांचा मुलगा होता, हे मुद्दाम सांगतो, कारण रुग्णांत नव्वद टक्क्यांहून जास्त मुली आणि तरुणी असल्या तरी मुलग्यांच्या बाबतीत विचारायचंच नाही असं होऊ नये. शेपूट आतड्यात गेलेल्या प्रकाराला १९६८ मध्ये व्हॉन आणि सहकाऱ्यांनी रपुन्झेल सिंड्रोम म्हटलं, जर्मन लोककथेतल्या लांब केसांच्या मुलीवरून. केस उपटणाऱ्या सगळ्याच व्यक्ती ते खात नाहीत, आणि खाणाऱ्यांतल्याही फार थोड्यांना असा गोळा होतो. म्हणून वेणीचं टोक चावणाऱ्या प्रत्येक मुलीला सीटीला पाठवायची गरज नाही. पोट दुखणं, दोन घासांत भरणं, वजन उतरणं, तोंडाचा सडका वास आणि रक्त कमी, यांतलं काही त्या सवयीबरोबर दिसलं तर मात्र उपाशीपोटी सोनोग्राफी व्हायला हवी.

केस कोणाचे

इथवर हिशेब लागत नव्हता. कानामागच्या तेवढ्या जागेतून ७०० ग्रॅमचा गोळा होत नाही, त्यात अन्न आणि श्लेष्मा धरला तरी. उलगडा आजींनी केला, आणि तोही दुसऱ्याच विषयावर बोलताना.

गावात केसांवर भांडी देणारी बाई येते. विंचरताना गळलेले केस बायका गुंडाळून ठेवतात, बरेच साठले की त्यावर स्टीलचा डबा, वाटी, चमचे मिळतात. आजी आपले आणि सुनेचे केस गोळा करून कवेलूखाली, भिंतीच्या वरच्या फटीत खोचून ठेवत. गेल्या वर्षी तिथे केस साठतच नव्हते. "मले वाटे का उंदरं नेत असतीन," आजी म्हणाल्या. मग एकदम गप्प झाल्या.

मुलीने सिस्टरांना हे नंतर सांगितलं. स्वतःचे उपटले तर आई ओरडते, म्हणून ती तिथले घ्यायची. मोठी बहीण लग्न होऊन सासरी गेली होती. दुपारी ओसरीवर बसून हिची वेणी घालणारी, रात्री हिच्याजवळ झोपणारी तीच. लग्नानंतर आठ-पंधरा दिवसांत हे सुरू झालं. पहिल्यांदा उशीवर पडलेले बहिणीचे केस ती बोटाला गुंडाळायची.

मी यातून 'बहीण गेली म्हणून केस खाल्ले' असा सरळ धागा काढत नाही. रक्तातलं लोह कमी झालं की माती, खडू, राख, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, हे आपल्याकडे प्रत्येक आरोग्य सेविकेला माहीत आहे. केसही त्यात येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयात होत्या. उलट बाजूही आहे : गोळा झाला की जेवण कमी होतं, जठराला व्रण पडून रक्त झिरपतं आणि लोह आणखी उतरतं. हिच्यात कोणतं आधी सुरू झालं ते आज सांगता येणार नाही. उपचार दोन्हींवर करावे लागतात आणि तसेच केले.

नंतरचं

पाचव्या दिवशी पेज सुरू झाली. टाक्याच्या खालच्या टोकाला थोडा पू झाला, ड्रेसिंगने भरला. पहिलं मनाजोगतं जेवण तिने वॉर्डात केलं ते वरण-भाताचं, आणि पूर्ण ताट संपवलं. आठ महिन्यांत असं झालं नव्हतं, असं बाबा म्हणाले.

गोळा आम्ही बाबांना आणि आजींना दाखवला. मुलीला दाखवला नाही. फोटो केसपेपरसाठी काढला, कोणाच्या मोबाइलवर जाऊ दिला नाही. 'मुलीच्या पोटातून निघाला केसांचा गोळा' अशी बातमी मुलीच्या गावासकट आणि कधी चेहऱ्यासकट छापली जाते, तेव्हा मला फार राग येतो. त्या मुलीला त्याच शाळेत परत जायचं असतं. पुढे मोठी झाल्यावर तिच्यासाठी स्थळ बघायला येणारा माणूसही तीच बातमी आठवतो. ऑपरेशन चांगलं झालं हे सांगण्यासाठी रुग्णाची लाज विकायची गरज नाही.

बाबांनी शेवटी तो प्रश्न विचारलाच. "डोक्यात फरक तर नाही न जी?" नाही, असं सांगितलं. केस उपटण्याची ही सवय मनाच्या ताणाशी आणि मेंदूच्या सवयीच्या यंत्रणेशी जोडलेली असते. २०१३ च्या अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात (DSM-5) तिला मंत्रचळाच्या (ओसीडीच्या) कुटुंबातल्या विकारांत ठेवलं आहे. बहुतेकांना ती १० ते १३ या वयात लागते. वेड नाही, खोड नाही, रागावून जात नाही. बाबांनी तिचं टक्कल करायचं ठरवलं होतं. तिला हवे असतील तर केस आखूड करा, पण शिक्षा म्हणून डोकं भादरू नका, असं आम्ही बजावून सांगितलं. मुलीनेच मग खांद्यापर्यंत कापा म्हटलं.

मानसोपचार विभागातल्या डॉक्टरांनी तिला हात ओळखायला शिकवलं. हात कधी डोक्याकडे जातो, त्याआधी काय वाटतं, हे एका वहीत लिहायचं आणि तेव्हा हाताला दुसरं काम द्यायचं. सवय उलटवण्याची ही पद्धत आहे आणि या विकारात सगळ्यात भरवशाची तीच. खास या विकारासाठी मान्यता मिळालेलं औषध आजही नाही. 'दुसरं काम' काय असावं याबद्दल रबरी चेंडूपासून बरंच सुचवलं गेलं. आजी म्हणाल्या, घरात कापूस आहे, वाती वळू द्या. दोन्ही हात गुंततात आणि बोटांना वळण्याची तीच हालचाल मिळते. डॉक्टरांनी हेच लिहून दिलं. आमच्यापैकी कोणालाही याहून चांगलं सुचलं नसतं.

लोहाचं औषध जेवणानंतर, वजनाच्या हिशेबाने रोज, आणि हिमोग्लोबिन सुधारल्यावरही तीन महिने. विंचरलेले केस आता घरात ठेवत नाहीत. बहीण दर पंधरवड्याला फोन करते आणि सणाला चार दिवस येते, हे तिच्या सासरच्यांशी बोलून बाबांनी ठरवलं. वर्गशिक्षिकेला एवढंच सांगितलं की पोटाचं ऑपरेशन झालं आहे आणि ती मळमळते म्हणाली तर आम्हाला कळवा. बाकी सांगायचं की नाही, ते मुलीवर सोडलं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची तारीख तालुक्याला मिळते, तिथपर्यंत एसटीने येणं घरच्यांना जमतं. मधल्या काळात गरज पडली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर आहे.

सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.२ होतं, वजन २७ किलो. कानामागची जागा भरत आली होती. घटक चाचणीच्या आठवड्यात पुन्हा केस तोंडात गेले, असं तिने स्वतःहून सांगितलं आणि वहीतही लिहिलं होतं. सोनोग्राफीत जठर मोकळं होतं. गोळा पुन्हा झाल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत, त्यामुळे तपासण्या चालू राहतील.

सुटीच्या कार्डावर आम्ही ठळक अक्षरांत लिहून दिलं आहे, पुढे तिला कुठल्याही दवाखान्यात पाहणाऱ्यासाठी : जठर आणि लहान आतडं उघडून केसांचा गोळा काढलेला आहे. पोटदुखी किंवा ओकारी झाल्यास आतडी चिकटल्याची आणि गोळा पुन्हा झाल्याची, दोन्ही शंका घ्याव्यात. उपाशीपोटी सोनोग्राफी करावी. सिकलसेल वाहक (AS) आहे, रुग्ण नाही.